सहाच आले? पुरे आहेत

"बाई, मी ठाण्यात राहते, नववीत आहे. शाळेत चित्रकलेचा तास आठवड्यातून एकदाच असतो आणि तोही बऱ्याचदा गणिताचे सर घेतात. म्हणून मला शाळेत चित्रांचं एक मंडळ सुरू करायचंय. व्हॉट्सॲप ग्रुप काढला तर एकतीस जण आले. पहिल्या शुक्रवारी शाळा सुटल्यावर थांबले ते सहा. त्यातले दोघं फक्त ॲनिमे काढतात. एक पाचवीतला आहे, तो कुणाचं ऐकत नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, चित्रकलेच्या सरांशी बोल. सर म्हणाले, आधी वरून परवानगी आण. आणि खरं सांगू का, माझी मैत्रीण माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं काढते. मग मी कशी लीडर होणार? आई म्हणते, पुढच्या वर्षी दहावी, हे नसते उद्योग कशाला. काय करू?"

नववी ब, तलावपाळीजवळून

प्रिय नववी ब,

एकतीसचे सहा झाले, हे तू असं लिहिलंयस जणू दुकान बुडालं. अगं, ग्रुपात येणं म्हणजे नुसता अंगठा हलवणं. शाळा सुटल्यावर, पोटात कावळे ओरडत असताना, फाटकाबाहेरून वड्याचा वास येत असताना वर्गात थांबणं ही वेगळीच गोष्ट. तसे सहा जण थांबले.

१९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला तेव्हा त्यातही सहाच जण होते. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे. सूझांना जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधून काढून टाकलेलं, हुसेन सिनेमाची होर्डिंगं रंगवून आलेले, आरांनी लहानपणापासून लोकांच्या घरी कामं केलेली आणि बाकरे तर मूळचे शिल्पकार. एकाचं काम दुसऱ्यासारखं नव्हतं. थोड्याच वर्षांत सूझा लंडनला गेले, रझा पॅरिसला, बाकरेही लंडनला, आणि ग्रुप विरत गेला. तुमच्यातून कुणी हुसेन निघेल असं मला अजिबात सुचवायचं नाही, निघाला तर मिठाई आणून दे. सांगायचं एवढंच की ॲनिमेवाले दोघं, पाचवीतलं कार्टं आणि तुझी हुशार मैत्रीण एका बाकावर बसलेत म्हणून मंडळ बिघडत नाही.

आता त्या मैत्रिणीचं. ती तुझ्यापेक्षा चांगलं काढते हे तू गुन्हा कबूल केल्यासारखं लिहिलंस. मला वाचून हायसं वाटलं. चालवणाऱ्यालाच सगळ्यात चांगलं काढता येत असेल तर काय होतं, ते मी स्वतः करून बसलेय.

एका शाळेत मी शनिवारी शाळा सुटल्यावर मुलांना चित्रं काढायला बसवायची. आठवीतला एक मुलगा स्टेशनचा जिना काढत होता, कोपरीच्या बाजूचा, आठवणीतून. पायऱ्या वरून बघितल्यासारख्या होत्या आणि कठडा मात्र बाजूने बघितल्यासारखा. मी त्याच्या हातातली पेन्सिल घेतली आणि 'हे बघ, असं' म्हणत कठडा नीट करून दिला. यथादर्शन, म्हणजे जवळचं-लांबचं दिसण्याचं गणित, एकदम बरोबर झालं. त्याने मान हलवली. पुढच्या शनिवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. कागद माझ्याच कपाटात राहिला, अजून आहे. त्यावर दोन रेघा दिसतात. एक त्याची, फिकट, थांबत थांबत गेलेली. तिच्यावरून माझी, फोरबीची, म्हणजे मऊ काळ्या पेन्सिलीची, एका दमात मारलेली. बऱ्याच वर्षांनी तो कागद हातात आला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो पोरगा रोज तो जिना उतरत होता, पायांकडे बघत. म्हणून पायऱ्या वरून. कठडा त्याच्या हाताशी होता, म्हणून तो बाजूने. त्याने जिना बरोबर काढला होता, मी त्याचा पुस्तकातला जिना केला.

तेव्हा पहिला नियम हा, आणि तो मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लाव: दुसऱ्याच्या कागदाला हात लावायचा नाही. दाखवायचंच असेल तर शेजारी वेगळ्या चिठोऱ्यावर दाखवायचं. मैत्रिणीला हे आधी एकटीला गाठून सांग, सगळ्यांसमोर नको. आणि महिन्यातला एक शुक्रवार सबंध तिच्या हवाली कर. शेडिंग, हाताची बोटं, तिला जे येतं ते ती शिकवेल. त्या दिवशी तूही बाकीच्यांबरोबर खाली बसून काढ.

मग तुझं काम काय? तू सगळ्यांच्या आधी पोचायचं. बाक सरकवायचे, कागद वाटायचे, पाणी भरून ठेवायचं. वेळेवर सुरू करायचं, एक जण आला तरी. शेवटी पेन्सिली मोजून डब्यात टाकायच्या. आणि कोण आलं नाही ते लक्षात ठेवून सोमवारी मधल्या सुट्टीत त्याला विचारायचं, 'शुक्रवारी दिसला नाहीस?' एवढंच, ओरडायचं नाही. ह्यात चित्रकला कुठे आली असं तुला वाटेल. पण मंडळं मोडतात ती ह्याच गोष्टींवरून. वाईट चित्रांमुळे मोडलेलं मंडळ मी तरी पाहिलेलं नाही.

परवानगीचा चेंडू दोघं एकमेकांकडे टोलवताहेत, कारण तू तोंडी विचारलंस. तोंडी विनंतीला कुणी 'हो' म्हणत नाही. पुढे काही झालं तर 'हो' म्हणणारा सापडतो ना! मुख्याध्यापिकांना चित्रांची भीती नाही. भीती असते ती शाळा सुटल्यावर मुलं थांबली आणि कुणाच्या घरून फोन आला तर याची. दुपारच्या शाळेची मुलं दारात उभी आणि वर्गात रंग सांडलेले, याची. म्हणून अर्ज असा लिही की त्यांचे प्रश्न त्यांनी विचारायच्या आधीच संपतील. साधारण असा:

"माननीय मुख्याध्यापिका यांस, सविनय नमस्कार. इयत्ता पाचवी ते नववीचे आम्ही सात विद्यार्थी दर शुक्रवारी शाळा सुटल्यावर पन्नास मिनिटं चित्रकलेचा सराव करू इच्छितो. सध्या फक्त आठ शुक्रवारांसाठी परवानगी मिळावी. दुपारच्या सत्राआधी खोली स्वच्छ करून देऊ. पालकांची संमतिपत्रं सोबत जोडली आहेत. शाळेकडून खर्चाची अपेक्षा नाही."

खाली सातही जणांच्या सह्या. 'आठ शुक्रवार' हे शब्द गाळू नकोस. कायमची परवानगी द्यायला माणूस दहादा विचार करतो, आठ शुक्रवारांना कुणी सहसा नाही म्हणत नाही. नवव्या शुक्रवारी तुम्ही बसलेलेच असता. अर्जाच्या दोन प्रती काढ. एक ऑफिसात देऊन दुसरीवर पोच घे.

आणि सरांवर रागावू नकोस. शाळेतल्या चित्रकला शिक्षकाचं आयुष्य तुला आतून ठाऊक नाही. पाहुणे आले, फलक लिहा. बक्षीस समारंभ आला, दोनशे प्रमाणपत्रांवर नावं घाला. स्नेहसंमेलनाचा पडदा, स्वागताची रांगोळी, सगळं आमच्याच गळ्यात. वर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ह्या सरकारी चित्रकला परीक्षांची तयारी. त्यात तू जाऊन 'सर, मंडळ चालवाल का' म्हणालीस तर त्यांना आणखी एक ओझं दिसणार. त्याऐवजी एवढंच माग: 'सर, त्या पन्नास मिनिटांत तुम्ही शेजारच्या खोलीत तुमचं काम करत बसाल का? आम्हाला नुसतं मोठं माणूस जवळ हवं.' चौथ्या-पाचव्या शुक्रवारी ते आपणहून दारात येऊन उभे राहतील. मला हे कसं माहीत ते विचारू नकोस.

पहिल्या तासाला भाषण नको, अध्यक्ष-सचिव नको, मंडळाचं नाव काय ठेवायचं याची चर्चा तर मुळीच नको. नावात तीन शुक्रवार जातात. आल्या आल्या पाच मिनिटांत प्रत्येकाच्या हातात पेन्सिल हवी.

सध्या पाऊस आहे, तर छत्री घे. उघडी नको, नीट गुंडाळलेलीही नको. व्हरांड्यात निथळत टेकवलेली असते तशी, अर्धवट मिटलेली. मध्ये एका बाकावर ठेव, सगळ्यांनी भोवती बसायचं. आता डोळे छत्रीवर. पेन्सिल कागदावर टेकली की तीन मिनिटं उचलायची नाही आणि कागदाकडे बघायचं नाही. डोळा जितक्या हळू सरकेल तितकाच हळू हात. टोकापासून निघा. एका काडीवरून खाली या. दोन काड्यांमध्ये कापड कसं लोंबलंय, त्याची घडी कुठे आत वळते, शिवणीपाशी सुटलेला दोरा, मुठीचा बाक. मुंगी चालत असावी तसं. तीन मिनिटांनी कागद बघा. कुणाची छत्री वटवाघळासारखी, कुणाची भेंडीसारखी, तुझ्या मैत्रिणीची सुद्धा! सगळे हसतील. त्या हसण्यानंतर त्या खोलीत चांगलं काढणारा आणि वाईट काढणारा असा भेद थोडा वेळ तरी राहत नाही. शिवाय त्या वेड्यावाकड्या रेघेत एखादी घडी अशी उतरलेली असते की बघून बघून काढलेल्या चित्रातही ती साधत नाही. ती शोधा.

मग दोन मिनिटांची पाच चित्रं: एकाने दप्तर खांद्याला लावून उभं राहायचं, बाकीच्यांनी फक्त वजन कुठे पडलंय ते पकडायचं. नाक-डोळे नकोत. दर दोन मिनिटांनी उभं राहणारा बदला. वेळ मोजायला तुझा पाचवीतला. त्याच्या हातात घड्याळ दे आणि 'थांबा!' असं ओरडायचा अधिकार दे. कुणाचं न ऐकणाऱ्या मुलाला बाकीच्यांनी त्याचं ऐकायचं असं एखादं काम दिलं की बराच फरक पडतो. पुढची पंधरा-वीस मिनिटं ज्याला जे हवं ते त्याने समोर बघून काढावं.

शेवटची दहा मिनिटं राखून ठेव. सगळे कागद जमिनीवर मांडा, नावं कागदाच्या पाठीवर. प्रत्येकाने दुसऱ्या कुणाच्या तरी कागदाबद्दल एक वाक्य बोलायचं आणि त्याची सुरुवात 'मला इथे दिसतंय की' अशी करायची. 'छान', 'मस्त', 'भारी' बाद. 'हे चुकलंय' पण बाद. ज्याचं चित्र त्याने गप्प बसायचं. पहिल्यांदा ओशाळल्यासारखं होईल, कुणी म्हणेल 'मला इथे दिसतंय की छत्री आहे'. असू दे. तिसऱ्या शुक्रवारी कुणीतरी म्हणेल, 'मला इथे दिसतंय की ह्या बाजूची रेघ दाबून काढलीय, म्हणून छत्री ओली वाटते.' तिथून पुढे तुला फारसं काही करावं लागणार नाही.

ॲनिमेवाल्यांना हाकलू नकोस. त्या सहा जणांत रोज तासभर पेन्सिल हातात धरणारे बहुधा तेच दोघं असतील. त्यांना विचार, एका पात्राचे डोळे एवढे मोठे का, नाक नुसत्या एका टिंबावर का भागतं. मग समोरच्या मुलीचा खरा डोळा काढायला सांग, पापणीची जाडी, कोपऱ्यातला ओलावा यांच्यासकट. त्यानंतर त्यांनी खुशाल परत त्यांचं काढावं, पण आता कुठलं गाळलं ते त्यांना ठाऊक असेल. बघून उतरवण्यात काही पाप नाही, पिढ्यान्‌पिढ्या लोक असंच शिकले. फक्त मंडळाच्या तासात मोबाइल दप्तरात आणि बघून काढलेलं चित्र भिंतीवर लावलं तर खाली लिहायचं, कशावरून काढलं ते.

सामानाचा बाऊ करू नकोस. शाळेच्या ऑफिसात पाठकोऱ्या कागदांचा ढीग असतो, क्लार्क काकांना गोड बोलून माग. सरावाला तेच. चांगल्या कामाला कार्ट्रिज पेपरचा मोठा ताव घेऊन तीनदा घडी घातली की आठ तुकडे होतात, तुम्हा सातांना पुरून एक उरतो. पेन्सिली टूबी आणि सिक्सबी. रंगवायचं झालं तर पोस्टर कलरच्या पाचच बाटल्या: तांबडा, पिवळा, निळा, पांढरा, काळा. चोवीस रंगांच्या पेटीत हिरवा तयार मिळतो, मग तो कसा होतो हे कुणी बघतच नाही. झाडं सगळी एकाच हिरव्याची. येऊरच्या डोंगराकडे एकदा पावसात बघ, किती हिरवे आहेत ते. वर्गणी काढलीस तर हिशेबाची वही ठेव आणि ज्याला जमत नाही त्याच्याकडे दुसऱ्यांदा मागू नकोस.

आता एक इशारा. मंडळ जरा नावारूपाला आलं की शाळेला अचानक तुमची आठवण येईल. फलक सजवा, कुंड्या रंगवा, भिंतीवर जरा 'वारली' काढा. वर्षातून दोनदा हो म्हण, तेही शुक्रवारचा तास सोडून. एरवी 'सर, आमचा सराव चाललाय' म्हणायला शिक. नाहीतर वर्षाअखेरी तुमच्याकडे चाळीस कुंड्या असतील आणि स्वतःचं एकही चित्र नसेल. आणि वारली काढायचीच असेल तर गेरूवर पांढरी माणसं नाचवण्याआधी ती आहे काय ते समजून घ्या. लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर बायका चौक, म्हणजे चौकोनी चौकटीतलं चित्र, लिहायच्या, तांदळाच्या पिठाने, त्यात पालघाट देवी. जिव्या सोमा मशे ह्या माणसाने तीच रेघ कागदावर आणि कापडावर आणून जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे. २०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत तो आपलाच ठाणे जिल्हा होता.

चार-पाच शुक्रवार झाले की बाहेर पडा. लांब नको. तुझ्या घरासमोर तलावपाळी आहे, कट्ट्यावर बसलेली माणसं कुठल्याही मॉडेलपेक्षा बरी, कारण ती हलतात. पुढे दिवाळीच्या सुट्टीत, सर किंवा एखादे पालक बरोबर असतील तर, सीएसएमटीची लोकल पकडून काळाघोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीत जा. १९५२ पासून आहे, तिकीट नाही. तिथे बहुतेक वेळा चित्रकार स्वतः आपल्या चित्रांपाशी खुर्ची टाकून बसलेले असतात आणि खरं सांगायचं तर दुपारी कंटाळलेले असतात. तुमच्या पाचवीतल्याने जाऊन 'हे उलटं लावलंय का' विचारलं तरी त्यांना आनंदच होईल.

प्रदर्शन हवंच असेल तर आठव्या शुक्रवारनंतर, व्हरांड्यात, सुतळी आणि कपड्यांचे चिमटे. प्रत्येकाचं एकच चित्र, आणि ते ज्याचं त्याने निवडायचं. तू निवडायचं नाही, सरांनी नाही. क्रमांक नाहीत. परीक्षक म्हणून कुणाला बोलवायचं असं विचारलं तर विसरल्यासारखं कर.

राहिली आई. तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, आठवड्याला एक तास म्हणून सुरू झालेल्या गोष्टी पाच तासांवर जातात. तिला आकडा सांग, शुक्रवारी पन्नास मिनिटं, आणि तो पाळ. इंटरमिजिएट पास झालीस तर दहावीला वाढीव गुण मिळतात हेही तिच्या कानावर घाल. त्या परीक्षेतलं स्मरणचित्र, बाजार, स्टेशन, बाग असले विषय, तुमच्या दोन मिनिटांच्या चित्रांनी आपोआप पक्कं होत जाईल. पण मंडळात कुणाला 'गुण मिळतील, ये' असं सांगून आणू नकोस. तो परीक्षेपर्यंत येईल आणि मग दिसणार नाही.

आणि पुढच्या जूनमध्ये तुझी खरंच दहावी असेल. म्हणून आत्तापासूनच सातवी-आठवीतल्या कुणाला तरी कपाटाची किल्ली कुठे असते, क्लार्क काका कधी खुशीत असतात आणि कागदाचा ताव कसा फाडायचा हे दाखवून ठेव. दर चौथा शुक्रवार त्याने किंवा तिने चालवावा, तू नुसती काढत बस. काही गोंधळ झाला तरी मध्ये पडू नकोस.

शुक्रवारी छत्री विसरू नकोस. काळी घे, फुलाफुलांची नको, फुलंच काढत बसतील.

तुझी,
चित्रकलेच्या बाई

ता.क. पांढऱ्या युनिफॉर्मवर पोस्टर कलर सांडणार, हे धरूनच चाल. लगेच गार पाण्याखाली धर, चोळू नकोस, गरम पाणी लावू नकोस. त्यापेक्षा बाबांचे जुने शर्ट उलटे घालायला सांग, बटणं पाठीवर. पाचवीतल्याला तो पायघोळ होईल, बाह्या दुमडून दे.